झिप ड्राइव्ह अडला तर आधी डिस्क वाचवा

जुन्या संगणकातला झिप ड्राइव्ह चालता करायची वेळ आज कोणावर येते? बहुतेक वेळा छापखानेवाल्यावर, डीटीपीचं काम करणाऱ्यावर, एखाद्या छोट्या प्रकाशकावर किंवा वास्तुविशारदाच्या कचेरीवर. १९९५ च्या सुमारास आयोमेगा या अमेरिकन कंपनीने हा ड्राइव्ह बाजारात आणला, तेव्हा फ्लॉपीत १.४४ एमबी मावत असे आणि झिप डिस्कमध्ये १०० एमबी, म्हणजे जवळजवळ सत्तर फ्लॉपींचा ऐवज. पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये लावलेली पानं छपाईच्या पॉझिटिव्ह फिल्म काढायला बाहेर न्यायची, तर रंगीत मुखपृष्ठ फ्लॉपीत मावायचं नाही. मग खिशात झिप डिस्क घालून जायचं. पुढे सीडी रायटर स्वस्त झाले, पेन ड्राइव्ह आले आणि झिप डिस्क कपाटाच्या खालच्या खणात गेल्या. आता पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची असते, दिवाळी अंकाचे जुने लेख हवे असतात आणि मूळ फाईल फक्त त्या निळ्या-करड्या चौकोनात असते.

अशा वेळी माणूस घाईने संगणक सुरू करतो, हवी असलेली डिस्क ड्राइव्हमध्ये ढकलतो आणि चालली नाही म्हणून दुसरी घालून बघतो. ही पद्धत सगळ्यात वाईट. बिघडलेला ड्राइव्ह बदलून मिळतो. सेकंडहँड मिळतो, जुन्या भंगारातही सापडतो. डिस्क मात्र एकच असते. म्हणून तपासणीचा क्रम असा लावायचा की मोलाची डिस्क सगळ्यात शेवटी आत जाईल.

माझा भर कॅबिनेटमध्ये बसवलेल्या, आयडीई केबलवर चालणाऱ्या ड्राइव्हवर आहे, कारण आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीत बहुतेक तोच असायचा. सुटा, पॅरलल पोर्टला किंवा यूएसबीला लावायचा ड्राइव्ह असेल, तर बायॉस, वीज, केबल आणि जंपर यांचा भाग वगळून बाकीचं तसंच लागू पडतं.

आधी एक गोष्ट पाहून घ्या: ड्राइव्ह किती एमबीचा आहे आणि डिस्क किती एमबीची. झिपचे तीन प्रकार निघाले. पहिला १०० चा, १९९८ च्या अखेरीला २५० चा आणि २००२ मध्ये ७५० चा. १०० च्या ड्राइव्हला २५० ची डिस्क वाचता येत नाही, तो ती बाहेर टाकतो. हा बिघाड नव्हे. २५० चा ड्राइव्ह १०० ची डिस्क वाचतो आणि लिहितोही, पण लिहिताना फार रेंगाळतो. ७५० चा ड्राइव्ह १०० ची डिस्क फक्त वाचतो. आपलं काम जुन्या फाईल बाहेर काढण्याचं असेल तर तेवढं पुरतं. डिस्कच्या आवरणावर आकडा छापलेला असतो. ड्राइव्हच्या तोंडावर काहीच आकडा नसेल, तर तो बहुधा १०० चा समजावा.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

ड्राइव्ह रिकामा ठेवून संगणक सुरू करा. कान ड्राइव्हकडे आणि डोळे त्याच्या लाइटकडे. वीज पोचत असेल तर सुरुवातीला लाइट क्षणभर लागतो, आतून बारीकशी हालचाल ऐकू येते आणि मग शांतता. लाइट अजिबात लागत नाही याचा अर्थ वीजच पोचत नाही. लाइट लागून तसाच राहिला आणि संगणक पुढे सरकेना, तर केबल किंवा जंपर (ड्राइव्हच्या मागच्या पिनांवर बसवलेली बारीक टोपी) यांच्याकडे संशयाने पाहायचं. रिकामा ड्राइव्ह ठरावीक तालात टकटक करत राहिला, तर संगणक बंद करा आणि त्यात कोणतीही डिस्क घालू नका. या आवाजाबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

दुसरी खूण बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पडद्यावर मिळते. सुरू होताना संगणक आयडीईला जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवतो. तिथे हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्हबरोबर आयोमेगा झिप १०० अशी ओळ दिसायला हवी. पडदा झरकन निघून जात असेल तर पॉझ की दाबून धरा किंवा थेट बायॉस सेटअपमध्ये जा. या एका ओळीने निम्मं काम होतं. ती दिसत असेल तर वीज, केबल, जंपर हे सगळं ठीक आहे आणि दोष विंडोजमध्ये, डिस्कमध्ये किंवा ड्राइव्हच्या हेडमध्ये आहे. ती दिसत नसेल तर विंडोजमध्ये ड्रायव्हर शोधत बसण्यात काही अर्थ नाही. पुष्कळ लोक तिथेच दोन-दोन दिवस घालवतात.

इतक्या जुन्या संगणकात आणखी एक साधी गोष्ट नडते. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला असतो. सीआर २०३२ नावाचा तो ३ व्होल्टचा सेल गेला की बायॉसला ना तारीख आठवते ना आपण केलेली सेटिंग. मग आज दिसलेला ड्राइव्ह उद्या गायब. पडद्यावर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची तारीख दिसली की पहिल्यांदा सेल बदला. तो कोणत्याही घड्याळजीकडे मिळतो. नंतर बायॉसमध्ये आयडीईच्या चारही जागा ‘ऑटो’वर ठेवा. काही बायॉस झिपला फ्लॉपी समजतात, काही हार्ड डिस्क समजतात आणि तसा पर्यायही देतात. शंका असेल तिथे तोही ‘ऑटो’च ठेवा. बूट होण्याच्या क्रमात झिपचं नाव वर असेल तर खाली ढकला. नाहीतर चुकून आत राहिलेल्या डिस्कवरून संगणक सुरू व्हायला बघतो, ‘सिस्टिम डिस्क नाही’ असं सांगून थांबतो आणि माणसाला वाटतं की विंडोजच उडाली.

वीज, केबल, जंपर

बायॉसमध्ये ड्राइव्ह दिसत नसेल तर आता कॅबिनेट उघडा. नुसतं शटडाउन करून भागत नाही. एटीएक्स प्रकारच्या पॉवर सप्लायमधून संगणक बंद असतानाही मदरबोर्डला ५ व्होल्ट मिळत राहतात, म्हणून भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढून ठेवा. उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. आणि काहीही उपसण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. कुठली केबल कुठे होती, जंपर कोणत्या पिनांवर होता, हे अर्ध्या तासाने कोणालाच सांगता येत नाही.

विजेची तपासणी सोपी आहे. ड्राइव्हच्या मागे जाणारी चार वायरींची जोडणी काढून त्याच पॉवर सप्लायची दुसरी मोकळी जोडणी लावून पाहा. जुन्या जोडण्यांच्या पिना सैल होतात आणि आत सरकतात. मल्टिमीटर असेल तर तेवढ्यापुरता संगणक सुरू करून काळ्या आणि लाल वायरीच्या मध्ये मोजा. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. पिवळी वायर १२ व्होल्टची. ५ व्होल्टची बाजू ४.६-४.७ वर घसरली असेल, तर कधी चालतो कधी नाही असा प्रकार होतो आणि दोष ड्राइव्हच्या माथी बसतो. पॉवर सप्लायमधून जळकट वास येत असेल किंवा मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसत असतील, तर झिपची दुरुस्ती तिथेच थांबवा. तो ड्राइव्ह काढून दुसऱ्या धडधाकट संगणकात लावणं जास्त शहाणपणाचं.

आता रुंद पट्टीसारखी डाटा केबल. तिच्या एका कडेला लाल रेघ असते, ती पहिल्या क्रमांकाच्या पिनेची बाजू. मदरबोर्डवर आणि ड्राइव्हवरही त्या टोकाला १ चा आकडा किंवा छोटा त्रिकोण असतो. खाच नसलेली जुनी केबल उलटी बसू शकते. ती दोन्ही टोकांना नीट दाबून बसवा, पण ओढताना पट्टीला धरून ओढू नका, प्लास्टिकच्या टोकाला धरा. पट्टी टोकापाशी फाटलेली किंवा दुमडून चिरलेली असेल तर टाकून द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधलं तर जुनी आयडीई केबल अजून हाती लागते. झिपला ४० तारांची साधी केबल पुरते. ८० तारांची वापरायची असेल तर तिचं निळं टोक मदरबोर्डवर, काळं टोक मास्टरला आणि मधलं करडं टोक स्लेव्हला.

घोळ सर्वांत जास्त होतो तो जंपरचा. एका केबलवर दोन उपकरणं असली की एक मास्टर आणि दुसरं स्लेव्ह असायला हवं. दोन्ही मास्टर ठेवली तर कधी एक दिसतं, कधी दोन्ही नाहीशी होतात, कधी संगणक यादी करता करताच थिजतो. आपल्याकडे नेहमी असं घडलेलं असतं: मधल्या काळात कोणीतरी जुना सीडी ड्राइव्ह काढून डीव्हीडी रायटर बसवला, तो कारखान्यातून मास्टर होऊन आला, झिपही मास्टर होता आणि त्या दिवसापासून झिप गेला. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण झिप कोणी वापरतच नव्हतं. ड्राइव्हच्या मागच्या बाजूला किंवा वरच्या स्टिकरवर जंपरच्या जागांचं चित्र असतं. ते पाहून बदल करा. केबल सिलेक्ट हा तिसरा पर्याय त्याच्यासाठी केलेल्या केबलवरच नीट चालतो. म्हणून जुन्या ४० तारांच्या पट्टीवर तो ठेवू नका.

यापेक्षा सोपा मार्ग असा: हार्ड डिस्क मदरबोर्डवरच्या पहिल्या आयडीई चॅनेलवर तशीच राहू द्या, सीडी ड्राइव्ह तात्पुरता सोडवा आणि दुसऱ्या चॅनेलवर झिप एकटा, मास्टर करून लावा. तो बायॉसमध्ये दिसला तर भांडण जंपरचंच होतं. तरीही दिसला नाही तर केबल बदला. वीज, केबल, जंपर आणि चॅनेल सगळं बदलूनही ओळ उमटली नाही, तर ड्राइव्हचा बोर्ड गेला असं धरून दुसरा ड्राइव्ह शोधायला लागा. तो बोर्ड दुरुस्त करण्यात पैसे घालवू नयेत, असं माझं मत आहे.

स्कझी या वेगळ्या प्रकारच्या केबलवरचा झिप जुन्या मॅकमध्ये सापडतो. तिथे मास्टर-स्लेव्ह नसतं, प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक लागतो आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन लागतं. ७ हा क्रमांक संगणकाचा स्वतःचा, ० बहुधा आतल्या हार्ड डिस्कचा, ३ सीडीचा. झिपला यातला कोणताही देऊ नका.

बायॉसला दिसतो, विंडोजला दिसत नाही

विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनेलमधून सिस्टिम आणि तिथून डिव्हाइस मॅनेजर उघडा. झिप तिथे ‘डिस्क ड्राइव्ह’च्या यादीत असायला हवा. यादीतल्या आयडीई कंट्रोलरवरच पिवळं उद्गारचिन्ह असेल तर आधी तो दुरुस्त करा. त्याच्यामागे असलेल्या ड्राइव्हला दोष देऊन उपयोग नाही. विंडोज एक्सपीत वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तिथे अडचण बहुधा ड्राइव्हच्या अक्षराची असते. ऑफिसच्या नेटवर्कवर ई किंवा एफ हे अक्षर एखाद्या सामायिक फोल्डरला दिलेलं असतं आणि झिप त्याच अक्षराखाली झाकला जातो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन झिपला दूरचं अक्षर द्या, झेड दिलं तरी चालेल.

डिस्क घातल्यावर ती ‘फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?’ असा प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणा. हे वाक्य लाल शाईत छापण्याजोगं आहे. १९९० च्या दशकात छपाईच्या कामात मॅकिंटॉश भरपूर होते आणि मॅकवर तयार केलेली झिप डिस्क विंडोजला वाचता येत नाही. ती डिस्क पूर्ण शाबूत असते, विंडोजला फक्त तिची मांडणी कळत नाही. अशी डिस्क ट्रान्समॅकसारख्या प्रोग्रॅममधून किंवा लिनक्समध्ये उघडता येते. आजच्या मॅकवर आशा ठेवू नका. त्या जुन्या मांडणीचा आधार ॲपलने कॅटालिना आवृत्तीपासून काढून टाकला आहे.

डिस्क उघडते, पण फाईल दाखवायला नकार देते, असा आणखी एक प्रकार असतो. झिप डिस्कला फ्लॉपीसारखी सरकवायची खिडकी नाही. तिचं कुलूप आयोमेगाच्या प्रोग्रॅममधून लागतं आणि त्याला पासवर्ड देता येतो. त्या काळी हे कुलूप लावणारे बरेच होते. पासवर्ड बहुधा डिस्कच्या लेबलवर किंवा डबीच्या आतल्या कागदावर पेन्सिलने लिहिलेला सापडतो, म्हणून जुन्या डब्या आणि कागद फेकू नका.

टकटक

आता मुख्य विषय. झिप डिस्कच्या आत फ्लॉपीसारखीच लवचिक चकती असते, पण ती मिनिटाला २९४१ फेरे घेते आणि हेड दोन्ही बाजूंनी तिच्या अगदी निकट येतात. आपण कुठे आहोत हे हेडला कळावं म्हणून चकतीवर कारखान्यातच खुणांचे पट्टे लिहिलेले असतात. ते वाचता आले नाहीत तर ड्राइव्ह हेड मागे घेतो आणि पुन्हा पुढे नेतो, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. कानाला ऐकू येते ती हीच ये-जा. डिस्क घालताना एक-दोनदा टक् होणं स्वाभाविक आहे. घड्याळासारखी टकटक चालूच राहिली तर ती धोक्याची खूण.

हा दोष इतका पसरला की त्याला ‘क्लिक ऑफ डेथ’ हे नाव पडलं आणि सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत आयोमेगावर ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला. स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रॅमरने ड्राइव्ह तपासण्यासाठी ‘ट्रबल इन पॅरडाइज’ नावाचं छोटं मोफत साधन त्याच काळात लिहिलं. जुन्या विंडोजवर ते अजूनही उपयोगी पडतं, मात्र बिनकामाची डिस्क घालूनच चालवावं.

खरी भीती याच्या पुढची आहे. एखाद्या डिस्कच्या चकतीची कड फाटलेली असली तर आत शिरताना हेड तिच्यात अडकून वाकतो किंवा तुटतो. आता तो वाकडा हेड पुढच्या चांगल्या डिस्कची कड फाडतो. ती डिस्क दुसऱ्या संगणकात घातली की तिथला हेड जातो. अढीतल्या नासक्या आंब्यासारखं एकातून दुसऱ्यात जात राहतं. टकटक ऐकू आल्यावर ‘दुसरी घालून बघू’ म्हणणं म्हणूनच महागात पडतं. त्या ड्राइव्हमध्ये गेलेली प्रत्येक डिस्क संशयित माना आणि तिच्यावर पेनाने खूण करून ठेवा.

ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी प्रत्येक डिस्क अशी तपासा. चांगल्या उजेडात धातूची झडप बोटाने बाजूला सरकवून धरा आणि दुसऱ्या हाताने पाठीवरची धातूची मधली चकती हळूहळू पूर्ण फिरवा. आतल्या तपकिरी-काळ्या चकतीला बोट लागू देऊ नका. तिची कड सबंध गोल, गुळगुळीत दिसायला हवी. कुठे चीर, दुमड किंवा बारीक धागा निघालेला दिसला तर ती डिस्क वेगळी ठेवा. मुंबईत आणि कोकणात आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे बुरशी. पावसाळ्यांत बंद कपाटात राहिलेल्या डिस्कच्या चकतीवर पांढुरके डाग किंवा जाळी दिसते. तशी डिस्कही ड्राइव्हमध्ये घालू नका. तिच्यात मोलाचं काही असेल तर डाटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. घरी कापूस आणि स्पिरिट घेऊन बसण्याचं हे काम नव्हे.

पाठीच्या एका कोपऱ्यात चमकणारा छोटा ठिपकाही असतो. आत आलेली वस्तू झिप डिस्कच आहे हे ड्राइव्ह त्या ठिपक्यावरून ओळखतो. त्याच्यावर लेबल चिकटलं असेल किंवा चिकट धूळ बसली असेल तर चांगली डिस्कही ड्राइव्ह स्वीकारत नाही. कोरड्या मऊ फडक्याने तो पुसा. या एका गोष्टीने ‘मेलेली’ डिस्क उठून बसल्याचं मी पाहिलं आहे.

ड्राइव्ह स्वच्छ करण्याबद्दल विचाराल तर करू नका. फ्लॉपीसाठी मिळणारी हेड साफ करायची डिस्क झिपमध्ये घालू नये असं आयोमेगानेही बजावलं होतं. तोंडाशी साचलेली धूळ मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर काढावी, तेवढंच. डिस्कजवळ चुंबकही आणू नका. कारखान्यात लिहिलेल्या त्या खुणा पुसल्या गेल्या तर घरी कितीही फॉरमॅट केलं तरी परत येत नाहीत.

डिस्क अडकली तर

झिपचं बाहेर काढायचं बटण विजेवर चालतं. संगणक बंद असताना ते दाबून काही होत नाही, जोर लावून तर नाहीच. चालू असतानाही एखादी फाईल उघडी असेल तर विंडोज डिस्क धरून ठेवते. म्हणून माय कॉम्प्युटरमध्ये झिपच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ म्हणा. तरीही नाही आली तर संगणक पुन्हा सुरू करा आणि विंडोज येण्यापूर्वी बटण दाबा.

शेवटचा उपाय कागदाच्या क्लिपचा. संगणक पूर्ण बंद करून, वायर काढून, चकतीचं फिरणं थांबेपर्यंत मिनिटभर थांबा. ड्राइव्हवर एक बारीक भोक असतं. समोर दिसलं नाही तर मागच्या बाजूला शोधा, त्यासाठी ड्राइव्ह बाहेर काढावा लागेल. सरळ केलेली कागदाची क्लिप त्यात सरळ, बेताने दाबली की डिस्क पुढे येते. तिला पक्कडीने ओढू नका. बाहेर आल्यावर तिची कड पुन्हा तपासा.

उलट तक्रारही असते: डिस्क घातली की लगेच बाहेर येते. १०० च्या ड्राइव्हमध्ये २५० ची डिस्क नाही ना, हे आधी बघा. मग कॅबिनेटची पुढची प्लास्टिक पट्टी बटणाला टेकते आहे का ते पाहा. कोणीतरी पट्टी काढून वाकडी बसवली असेल तर बटण कायमचं दाबलेलं राहतं. अशा वेळी पट्टी काढून चालवून पाहणं हीच दुरुस्ती.

फाईल उतरवताना

ड्राइव्ह दिसतो आहे, आवाज ठीक आहे, डिस्कच्या कडा तपासून झाल्या आहेत. आता पहिली डिस्क बिनकामाची घाला. सुरुवातीच्या ड्राइव्हबरोबर आयोमेगाच्या प्रोग्रॅमची डिस्क मिळत असे, ती यासाठी उत्तम. तिच्यातलं सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करा. धडधाकट ड्राइव्हवर १०० ची भरलेली डिस्क दोन-तीन मिनिटांत उतरते. पंधरा-वीस मिनिटं लागत असतील तर ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतो आहे, याचा अर्थ त्याच्यावर विश्वास ठेवू नये. कॉपी झाल्यावर डिस्क काढून तिची कड पुन्हा पाहा. जशी गेली तशीच आली असेल तरच मोलाची डिस्क आत घाला.

तीही आधी उघडून फाईल चाळत बसू नका. सबंध डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाईलमध्ये तिची जशीच्या तशी नक्कल, काढून घ्या आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर करा. लिनक्समधलं डीडीरेस्क्यू हे साधन यासाठी फार चांगलं आहे. वाचता येणारा भाग ते आधी उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. १९९८-९९ च्या संगणकावर आजचं लिनक्स चालणार नाही. म्हणून ड्राइव्ह काढून २००५ च्या आसपासच्या, आयडीई केबलही असलेल्या आणि पेन ड्राइव्हही ओळखणाऱ्या संगणकात बसवा. मूळ विंडोज ९८ ला पेन ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, हेही एक कारण. आयडीईतून यूएसबी करणारे छोटे ॲडॉप्टर मिळतात, पण त्यातले काही फक्त हार्ड डिस्क ओळखतात. घेताना सीडी ड्राइव्ह चालतो का ते विचारा. तो चालत असेल तर झिपही चालण्याची शक्यता बरी. १०० च्या डिस्कची पूर्ण प्रतिमा १०,०६,६३,२९६ बाइटची येते. कमी आली तर काहीतरी सुटलं आहे. लिनक्समध्ये डिस्कचं पहिलं पार्टिशन रिकामं दिसलं म्हणून घाबरू नका. पीसीसाठी फॉरमॅट केलेल्या झिप डिस्कवर मजकूर चौथ्या क्रमांकाच्या पार्टिशनमध्ये असतो.

मराठी मजकूर असलेल्यांनी आणखी एक करायचं. त्या काळचं काम श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये झालेलं आहे आणि ते युनिकोड नव्हे. फाईल हाती आली तरी फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो आणि डिस्क खराब झाली असं समजून लोक फाईल पुसून टाकतात. जुन्या संगणकाच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्टचा सगळा फोल्डर आणि पेजमेकरची जी आवृत्ती होती ती, दोन्ही फाईलबरोबरच उतरवून घ्या. त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण मूळ फॉन्ट कोणता हे त्यांना सांगावं लागतं.

आयोमेगा २००८ मध्ये ईएमसीने विकत घेतली आणि हे ड्राइव्ह आता कोणीच बनवत नाही. त्यामुळे चालता ड्राइव्ह हाती लागला तर हवी ती एक डिस्क उतरवून थांबू नका. कपाटातल्या सगळ्या एका बैठकीत उतरवा, त्यांच्या प्रतिमा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि शेजारच्या छापखान्यालाही विचारा की त्यांच्याकडे काही पडलं आहे का.